खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

आमच्या खालच्या वाडीतल्या मच्छीमार संस्थेच्या इमारतीत दोनच खोल्या आहेत. एकीत माझी अंगणवाडी भरते, दुसरीत संस्थेचं ऑफिस. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे माझ्या मुलांची गाणी ऑफिसात ऐकू जातात आणि ऑफिसातलं बोलणं मला, ऐकायचं असो वा नसो. सत्यवती तारी तिथे कारकून झाली तेव्हापासूनचं तिचं सगळं मी असं भिंतीअलीकडून ऐकलं, आणि उरलेलं दुपारी डबा खाताना तिच्याच तोंडून.

सत्यवतीचं माहेर कुणकेश्वरचं. तिथल्या मराठी शाळेतून दहावी झाली आणि लगेच लग्न होऊन आमच्या वाडीत आली. नवरा विश्राम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. सासू गंगूकाकी मासळी विकायची. आठवडाभर सुनेचे लाड झाले, मग तिच्याही डोक्यावर पाटी आली. पहाटे किनाऱ्यावर मासळी घ्यायची, पहिल्या एसटीने बाजार गाठायचा. अंगावर पाणी गळतंय म्हणून कंडक्टर ओरडायचा, मग दोघी मागच्या दाराशी उभ्या राहायच्या. अशी बरीच वर्षं गेली. मग सत्यवतीची पाठ धरली. डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं. तेवढ्यात संस्थेचे जुने कारकून हरिश्चंद्र मास्तर थकले होते. त्यांनीच तिचं नाव पुढे केलं. वाडीतल्या बायकांत माझ्याखेरीज दहावी झालेली तीच, आणि अक्षर असं की मास्तरांच्या शेजारी ठेवलं तर कुणाचं कुठलं ते सांगता येऊ नये.

गंगूकाकीला हे फारसं रुचलं नव्हतं. बाजाराला जाताना ऑफिसच्या दारात उभी राहून विचारायची, "काय गो, खुर्चेर बसान पाठ दुखणा नाय?"

"दुखता तर!" सत्यवती आतून म्हणायची. "पण खुर्ची माका डोक्यार घेवची लागणा नाय."

गंगूकाकी हसायची आणि पुढे जायची. टोमणा मारायची, पण जाताना दारात एका पानात सुनेसाठी चार बांगडे ठेवून जायची.

संस्थेचे अध्यक्ष दाजी. दोन होड्यांचे मालक, वाडीत शब्दाला मान. माणूस दुष्ट नाही, पण मास्तरांच्या जागी बाई आली याची त्यांना कधी सवय झाली नाही. काही सांगायचं असलं तर तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगायचे.

मी सांगते ती गोष्ट दोन हजार नऊ सालची. त्याआधीच्या उन्हाळ्यात कणकवलीच्या एका कॉलेजने आपले जुने संगणक गावोगावच्या संस्थांना देऊन टाकले होते. एक आमच्याकडे आला, सोबत एक जुना प्रिंटर. तिथल्या संगणकाच्या खोलीत काम करणारे यज्ञेशसर टेम्पोबरोबर आले आणि सगळं जोडून गेले. यात लिनक्स घातलंय, ते फुकट असतं, त्याला व्हायरस बहुधा लागत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. दाजींनी विचारलं, "फुकट म्हणजे चांगला नसतला?" सर म्हणाले, "दाजी, समुद्र पण फुकटच आहे."

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, ऑफिसात काम कमी. सत्यवती रोज सकाळी कुणकेश्वराच्या तसबिरीला उदबत्ती लावायची, मग त्याच उदबत्तीने संगणकालाही एक वळसा घालायची आणि शिकायला बसायची. कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर आहे याचा कागद सरांनी दिला होता. ती देवांची नावं लिहायची, गावांची लिहायची, वाडीतल्या माणसांची लिहायची. बोटं तयार झाली. पण त्या संगणकात लिहिण्यासाठी जे होतं त्यात मराठी अक्षरं फुटायची. वेलांटी अक्षर सोडून भलतीकडे, जोडाक्षराचे दोन तुकडे, मात्रा अधांतरी. ती म्हणायची, "बाई, माझां बरोबर आसा, पण ह्या मशीन तोतरा बोलता."

तोवर ते चालून गेलं. पण त्या हंगामात वरून पत्र आलं, की समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक खलाशाजवळ संस्थेने दिलेला, त्याचा फोटो लावलेला दाखला पाहिजे आणि तो छापलेला पाहिजे. हाताने लिहिलेला चालणार नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे दाखले बंदराच्या कार्यालयात पोचवायचे होते.

सत्यवतीने नमुना म्हणून एक दाखला छापून दाजींपुढे ठेवला. दाजींनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"सत्या, ह्यात काना खंय गेलो नि वेलांटी खंय गेली? असलो दाखलो घेवन विश्राम दर्यात गेलो तर तेका लोक परदेशातलो समजतले."

"सरांका विचारतंय, दाजीनू."

"विचार. पण माझा ऐक." दाजी कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "कणकवलीत दुकानदार बसल्या जाग्यार छापून देता. लिवचा काम थंयच जावचा असात तर हय खुर्ची कित्याक होयी? सही मी करीन, कुलूप मी लावीन. दसऱ्याच्या सांजेपर्यंत तुझ्या मशीनातसून दाखले निघाले तर बरा. नाय तर दुकान. मगे नंतरचा सगळाच काम दुकानात."

भिंतीअलीकडे मी पोरांना उसळ वाढत होते. हातातला डाव तसाच राहिला. दुपारी डबा खाताना ती एवढंच म्हणाली, "पाटी परत डोक्यार घेवक माका लाज नाय हो बाई. पण पाठ नाय म्हणता." आणि भात कालवत राहिली.

यज्ञेशसरांना फोन केला. ते म्हणाले, आता आहे ते हलकं आहे, मशीन जुनं म्हणून मी तेच ठेवलं होतं. मराठी नीट पाहिजे तर लिहिण्यासाठी ओपन ऑफिस नावाचं दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागेल. कॉलेजात परीक्षा असल्याने मला येता येणार नाही, सीडी पाठवतो, काय काय करायचं ते कागदावर लिहून देतो, तुम्हीच टाका. सीडी त्यांनी आमच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली, आणि आमच्याकडे येऊन पोचली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. कोयते, जाळी विणायच्या सुया, वजनकाटा, होडीचं इंजिन, सगळं धुऊनपुसून देवापुढे ठेवायचं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. मीही त्या दिवशी अंगणवाडीतला मुलांचा वजनकाटा पुसायला गेले होते. पलीकडून सत्यवतीची हाक आली.

"बाई, जरा येवा हो! ह्याची बटणां मेली वाटता."

गेले. स्क्रीनवर काळी खिडकी उघडलेली. कागदावर लिहिल्याप्रमाणे तिने सीडीतला सगळा गठ्ठा संगणकात उतरवला होता, काळ्या खिडकीतून त्या गठ्ठ्याच्या आत शिरली होती, आणि बसवायची आज्ञा एकेक अक्षर बघून लिहिली होती. आता ते पासवर्ड मागत होतं आणि ती लिहीत होती तर काहीच उमटत नव्हतं. टिंबसुद्धा नाही.

आम्ही दोघींनी कीबोर्ड उलटा करून झटकला. चार शेंगदाण्याची सालं पडली. फडक्याने पुसला. परत लिहिलं, परत काही नाही. पूजा वाट बघत होती आणि आम्ही बटणं पुसत होतो. शेवटी मी सरांचा कागद हातात घेऊन पुढची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं, की पासवर्ड लिहिताना काहीही दिसणार नाही, घाबरू नका, लिहा आणि एंटर दाबा.

"अगो बाई," सत्यवती म्हणाली, "म्हणजे देवळात नवस बोलतत तसा. मनातल्या मनात."

तिने डोळे मिटल्यासारखं करून लिहिलं, एंटर दाबलं, आणि ओळी धावायला लागल्या. धावायला म्हणजे, त्या जुन्या मशीनला जमेल तशा. एक ओळ यायची, मग दम खायची, मग दुसरी. इंग्रजी होतं सगळं, आम्हाला कळत नव्हतं, पण हलत होतं एवढं पुरे होतं.

तेवढ्यात दाजी आले. हातात ताम्हन, झेंडूची फुलं, मागे भटजी. टेबलावर पाट मांडला, वजनकाटा आला, शिक्का आला, डिझेल मोजायचं माप आलं.

"मशीन गप कर, सत्या. पूजा आसा."

"वायच वेळ थांबलाव तर?"

"भटजींका वरच्या वाडीत जावचा आसा. नि हत्यार चालू ठेवन पूजा करतत काय खंय? विश्रामाची होडी इंजिन चालू ठेवन पूजतस?"

सत्यवती स्क्रीनकडे बघत उभी राहिली. ओळी चाललेल्या होत्या. आता खरं सांगायचं तर दाजींनी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. तिच्याही मनाला ते पटत नव्हतं. ज्याच्यापुढे हळद-कुंकू ठेवायचं ते घरघर करत राबतंय, हे बरं दिसत नाही, हे तिलाही वाटलं आणि मलाही. आणि तिचा हिशोब साधा होता. तो तिने मला तिथेच सांगितला.

"बाजाराक जाताना पाटी अर्ध्या वाटेर उतरून ठेवलंय तर मासळी थंयच रवता मां? उद्या थंयसून परत उचलूची."

असं म्हणून तिने भिंतीवरचं बटण खाली केलं. स्क्रीन काळी झाली. तिने संगणकावर हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. आम्ही सगळ्यांनी प्रसाद घेतला. इतकी शांत पूजा झाली की मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसला सुट्टी. पण ती नवी साडी नेसून आली. मीही आले, तिला एकटीला सोडवेना. तिने अक्षता टाकून फुलं उतरवली आणि बटण चालू केलं. संगणक नेहमीसारखा उघडेना. पांढऱ्या अक्षरांत काहीतरी तपासत बसला, आकडे सरकत राहिले. दाजी सोनं वाटत फिरत होते, ते आत डोकावले.

"आंगात इला काय तेच्या?"

"येतला शुद्धीर," सत्यवती म्हणाली.

शुद्धीवर आला. पण ओपन ऑफिस कुठे दिसेना. तिने कालची आज्ञा परत दिली तर संगणकाने नकाराची लांबच लांब ओळ दाखवली. इंग्रजी येत नसलं तरी नकार कळतो. सत्यवतीचा चेहरा उतरला. पाटी वाटेवर ठेवली होती तिथे नव्हती.

दाजी दारातच उभे. "आता काय करूचा? माका वाटता, देवळात जाऊन कौल लावया. उजवो दिलो तर मशीन चलात. डावो दिलो तर दुकान."

आमच्याकडे मोठ्या कामाला देवाचा कौल घेतात. लग्न, नवी होडी, घराची जागा. पाषाणाला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. दाजी थट्टा करत नव्हते.

सत्यवतीने थोडा विचार केला. "नको, दाजीनू. चूक माझी आसा, देवाक कित्याक मधी घालूचा? आदी सरांका विचारतंय. थंय काय नाय झाला तर मगे देव आसाच."

"विचारशीत तर लाईट गेली म्हणान सांग. पूजेसाठी बंद केलंय सांगशीत तर हसतले."

ऑफिसात मोबाइलला रेंज नसते. त्यासाठी चढणीवरच्या वडापर्यंत जावं लागतं. आम्ही दोघी गेलो. फोन लागला, तिने आवाज मोठा ठेवला होता म्हणून मला ऐकू येत होतं.

"सर, दसऱ्याच्या शुभेच्छा. आमचं ते अर्धवट राहिलं."

"कसं काय? लाईट गेली का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही सर. मी बंद केलं. खंडेनवमीची पूजा होती. चालू ठेवून पूजा कशी करायची, म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं."

सर हसायला लागले आणि एकदम ऑफिसची मराठी सोडून घरच्या बोलीत आले. "ताई, पूजा आमीय केली. वीस मशीनांक फुलां घातलीत. पण आदी तेंका नीट निजवला! तुमी तर चालत्याक पाडलात."

"मगे आता?"

"काय नाय होवचा. लाईट गेली असती तरी ह्याच झाला असता, नि उपाय पण ह्योच. एक आज्ञा सांगतंय, लिवन घेवा. जा अर्धवट रवला ता आदी पुरा कर, असो तिचो अर्थ. ती झाली की कालची आज्ञा परत देवा. नि मधे कोण इलो, देव जरी इलो, तरी बटणाक हात लावू नकात."

तिने त्यांच्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून. फोन ठेवला आणि वडाला हात लावून नमस्कार केला.

खाली आलो तर ऑफिसात गंगूकाकी येऊन बसलेली, दाजींनी बातमी पोचवली असणार. सत्यवती संगणकापुढे बसली. पासवर्ड लिहिला, न दिसणारा. आज्ञा दिली. संगणकाने चिडल्यासारखं काही दाखवलं. कागदाशी ताडून बघितलं तर दोन आडव्या रेघा पाहिजे होत्या तिथे तिने एकच दिली होती. परत दिली. या वेळी ओळी आल्या, थांबल्या. मग कालची आज्ञा. परत त्या धापा टाकणाऱ्या ओळी. गंगूकाकी बघत राहिली.

"ह्या काय वाचतंस तू?"

"वाचणा नाय. नुसता बघतंय."

"मगे पोटात भात घालून बघलंस तर काय होता?" काकीने डबा आणला होता. दसऱ्याचा गोडाधोडाचा. आम्ही तिघींनी तिथेच जेवण केलं. सत्यवती ताटावरून उठून हात न धुता स्क्रीनकडे जाऊन बघून यायची. मध्ये बाळा नावाचा एक खलाशी सोनं द्यायला आला आणि पंखा लावायला म्हणून भिंतीकडे हात नेला, तर तिघी एकदम ओरडलो. तो बिचारा सोनं टेबलावर ठेवून पळाला.

ओळी संपल्या. सत्यवतीने यादीत बघितलं, नवीन चित्र आलं होतं. दाबलं. बराच वेळ काही नाही. मग पांढरं पान उघडलं, आणि वरची सगळी नावं मराठीत. फाइल, संपादन, दृश्य. ती पुटपुटत वाचत होती. मग तिने पानावर लिहिलं, "श्री कुणकेश्वर प्रसन्न." जोडाक्षरं जुळलेली, वेलांटी आपल्या जागी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण ती लगेच म्हणाली, "बाई, उजेड आसा तवर कामाक लागया."

मी नावं वाचत गेले, ती लिहीत गेली, प्रिंटर करकरत राहिला. गंगूकाकी खलाशांचे जमवून ठेवलेले फोटो चिकटवत होती. तिला वाचता येत नाही. मध्येच तिने विचारलं, "माझ्या झिलाचो खंयचो?" सत्यवतीने विश्रामचा दाखला काढून तिच्या हातात दिला आणि नावावर बोट ठेवलं. काकीने ते बोट बाजूला केलं, आपलं बोट ठेवलं आणि अक्षरांवरून एकदा हळूच फिरवलं. "बरा आसा," म्हणाली, आणि पुढच्या फोटोला डिंक लावायला घेतला.

दाजी सही करायला आले तेव्हा बाहेर अजून लख्ख होतं. चष्मा लावून त्यांनी प्रत्येक दाखला वाचला. चूक शोधत होते हे आम्हाला कळत होतं. आपल्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर जास्त वेळ थांबले, तो परत वाचला आणि सही केली. शेवटची सही झाल्यावर पेनाला टोपण लावलं. कणकवलीच्या दुकानाचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दाखले घेऊन ते स्वतःच बंदरावर गेले आणि दुपारी परत आले. मी पोरांना झोपवत होते, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"सत्या, सगळे घेतले तेनी. वरच्या वाडीचे दाखले आजून झालेले नाय. दुकानदारान नावां चुकयलीत म्हणान परत इले. तेंच्या अध्यक्षाक मी सांगलंय, आमच्याकडे पाठव."

"कधी येतले?"

"उद्यापासून. जमात मां तुका?" या वेळी आवाज कॅलेंडरकडे वळलेला नव्हता, भिंतीअलीकडूनही ते कळत होतं.

"येवंदेत," सत्यवती म्हणाली. "पण घराकडसून नाव नीट इचारून येवा म्हणान सांगा. मागच्या खेपेक एकट्यान माका 'काळो' इतक्याच सांगल्यान, नि बापाचा नाव इचारलंय तर म्हणता, वाडीत सगळ्यांका म्हायत आसा."

दाजी हसले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तिची बोटं बटणांवर चालायला लागली.